जीकेएन (गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स)

जीकेएन ही ग्रेट ब्रिटनमधील एक अभियांत्रिकी सूत्रधारी कंपनी होती. 'गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स' या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून हे संक्षिप्त नाव रूढ झाले व १९८६ मध्ये तेच अधिकृत नाव ठरले. वेल्समधील डाउलाइस येथे १७५९ मध्ये स्थापन झालेल्या लोखंडाच्या कारखान्यापासून कंपनीची परंपरा सांगितली जाते. लोखंड, कोळसा, पोलाद, नटबोल्ट, स्क्रू, मोटारींचे सुटे भाग, चिलखती वाहने, हेलिकॉप्टर व विमानांचे भाग अशा निरनिराळ्या उद्योगांतून वाटचाल करीत ही कंपनी २०१८ मध्ये मेलरोज इंडस्ट्रीज या कंपनीच्या ताब्यात गेली आणि स्वतंत्र कंपनी म्हणून तिचे अस्तित्व संपुष्टात आले. तिच्या काही शाखा आजही जीकेएन हेच नाव धारण करतात.

जी कंपनी स्वतः प्रत्यक्ष उत्पादन न करता, उत्पादन करणाऱ्या अन्य कंपन्यांचे भाग बाळगून त्यांचे नियंत्रण करते तिला सूत्रधारी कंपनी म्हणतात. व्यवहारात होल्डिंग कंपनी हा शब्दच अधिक प्रचलित आहे. अशा कंपनीला एखादा कारखाना विकणे किंवा नवा विकत घेणे हे स्वतःचे स्वरूप न बदलता करता येते. जीकेएनचा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकांतून आणि २०१८ च्या वादात '२५९ वर्षांची अखंड परंपरा' असा उल्लेख वारंवार झाला. कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास कंपनीचा जन्म १९०० मधला आहे. आणि ज्या लोखंड-पोलादावर ती उभी राहिली त्याचा मुख्य भाग १९६७ नंतर तिच्याकडे उरलेला नव्हता. अखंड राहिले ते नाव आणि भांडवल. उद्योग मात्र वेळोवेळी बदलत गेले.

डाउलाइसचा कारखाना

दक्षिण वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यात मर्थर टिडफिल या गावाच्या वरच्या अंगाला डाउलाइसचा डोंगराळ माळ आहे. लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडक ही लोखंड गाळण्यास लागणारी तिन्ही द्रव्ये तेथे जवळजवळ सापडत. या माळावरील खनिजांचा भाडेपट्टा १७४८ मध्ये ९९ वर्षांसाठी वार्षिक अवघ्या २६ पौंडांवर देण्यात आला होता. १९ सप्टेंबर १७५९ रोजी नऊ भागीदारांनी ४,००० पौंडांच्या भांडवलावर तेथे झोतभट्टी उभारण्याचा करार केला. भागीदारांत स्थानिक जमीनदार टॉमस लुईस आणि भट्टीत हवा फुंकण्याच्या यंत्राचा जाणकार आयझॅक विल्किन्सन हे प्रमुख होते.

आरंभीची काही वर्षे कारखाना फारशी प्रगती करू शकला नाही. १७६७ मध्ये श्रॉपशरमधील ब्रोझली येथील जॉन गेस्ट यांची व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली आणि येथून गेस्ट घराण्याचा संबंध सुरू झाला. जॉन यांचे नातू जोसाया जॉन गेस्ट (१७८५–१८५२) यांच्या हाती १८१५ मध्ये संपूर्ण व्यवस्थापन आले. पुढील तीस वर्षांत रेल्वेच्या विस्तारामुळे रुळांची मागणी प्रचंड वाढली. डाउलाइसचे रूळ ब्रिटनमध्येच नव्हे, तर रशियापर्यंत गेले. १८४५ च्या सुमारास येथे १८ झोतभट्ट्या चालू होत्या आणि कामगारांची संख्या ७,३०० हून अधिक होती. सामान्य लोखंड कारखान्यात त्या काळी तीनेक भट्ट्या असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. त्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या लोखंड कारखान्यांत डाउलाइसची गणना होई.

या भरभराटीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. मर्थर टिडफिलची वस्ती कारखान्यांभोवती कोणतीही योजना न आखता वाढली. पाणी, गटारे व घरे यांची अवस्था शोचनीय होती. १८३१ मध्ये वेतनकपात आणि कर्जवसुली यांविरुद्ध तेथील कामगारांनी उठाव केला. सैनिकांच्या गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले आणि डिक पेन्डेरिन या तरुण खाणकामगाराला फाशी देण्यात आले. त्याच्या अपराधाविषयी तेव्हापासूनच शंका घेतली गेली आणि वेल्सच्या कामगार चळवळीत तो हुतात्मा मानला जातो. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, मर्थरला संसदेत स्वतंत्र जागा मिळाली व तेथून निवडून आलेले पहिले सदस्य जोसाया गेस्ट हेच होते. १८४९ च्या पटकीच्या साथीत याच गावात हजाराहून अधिक माणसे दगावली.

लेडी शार्लट गेस्ट आणि विश्वस्तांचा काळ

जोसाया गेस्ट यांनी १८३३ मध्ये लिंडसीच्या अर्लची कन्या लेडी शार्लट बर्टी (१८१२–१८९५) हिच्याशी विवाह केला. उमराव घराण्यातील एकवीस वर्षांची ही तरुणी कारखान्याच्या धुरात येऊन राहिली, वेल्श भाषा शिकली आणि मध्ययुगीन वेल्श कथांचा 'मॅबिनोगिअन' या नावाने तिने केलेला इंग्रजी अनुवाद १८३८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. दहा मुलांचे संगोपन, कारखान्याचा पत्रव्यवहार व हिशेब आणि हा अनुवाद ही कामे तिने एकाच वेळी केली. साहित्याच्या इतिहासात तिचे नाव अनुवादक म्हणून येते आणि उद्योगाच्या इतिहासात कारखानदाराची पत्नी म्हणून. वस्तुतः १८५२ मध्ये पतीच्या निधनानंतर तिने काही काळ या अवाढव्य कारखान्याचा कारभार स्वतः पाहिला. १८५५ मध्ये तिने चार्ल्स श्रायबर यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा तिचा या कामाशी संबंध संपला.

त्याआधी १८४८ मध्ये भाडेपट्ट्याचा प्रश्न निर्माण झाला होता. २६ पौंडांच्या पट्ट्याची मुदत संपत आली होती आणि जमिनीचे मालकत्व ब्यूटच्या मार्क्वेसच्या घराण्याकडे आले होते. वाटाघाटी इतक्या लांबल्या की कारखाना बंद करण्याची तयारी गेस्ट यांनी सुरू केली होती. अखेर पट्ट्याचे नूतनीकरण झाले, अर्थात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मोबदल्यावर.

गेस्ट यांच्या मृत्युपत्रानुसार नेमलेल्या विश्वस्तांपैकी जॉर्ज टॉमस क्लार्क (१८०९–१८९८) यांच्याकडे पुढे कारखान्याची सूत्रे आली. मराठी वाचकाला या गृहस्थाविषयी विशेष कुतूहल वाटावे असे कारण आहे. क्लार्क हे ब्रुनेल यांच्या हाताखाली ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर काम केलेले अभियंते. १८४३ मध्ये ते मुंबईस आले. शहरातील मलनिःसारण आणि दख्खनमधील मिठागरे यांविषयी त्यांनी सरकारला अहवाल दिले आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुंबई–ठाणे मार्गाच्या आखणीत प्रमुख अभियंता म्हणून काम केले. सह्याद्रीच्या घाटांतून लोहमार्ग नेता येईल काय, याविषयीचा त्यांचा अहवालही प्रसिद्ध आहे. मुंबईपासून ठाणे-कल्याणपर्यंत लोहमार्ग टाकण्याची कल्पना त्यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, असे भारतीय रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी डाउलाइसचे एक संस्थापक टॉमस लुईस यांच्या वंशातील कन्येशी विवाह केला आणि त्या नात्याने ते गेस्ट कुटुंबाच्या निकट आले. मध्ययुगीन किल्ल्यांचे अभ्यासक म्हणूनही ते ख्यातनाम होते.

क्लार्क व त्यांचे व्यवस्थापक विल्यम मेनेलॉस यांनी कारखाना लोखंडाकडून पोलादाकडे वळविला. हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये पोलादनिर्मितीची आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा तिचा पहिला परवाना डाउलाइसने घेतला होता. परंतु आरंभीचे प्रयोग फसले आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू होण्यास १८६५ साल उजाडले. नव्या पद्धतीस स्फुरद कमी असलेले खनिज हवे होते, ते वेल्समध्ये नव्हते. म्हणून १८७३ मध्ये कन्सेट, क्रुप आणि स्पेनमधील इबारा घराणे यांच्यासह ऑर्कोनेरा ही कंपनी काढून बिल्बाओजवळील खाणींतून खनिज आणण्यास प्रारंभ झाला. खनिज समुद्रमार्गे येऊ लागल्यावर डोंगरावरील कारखान्याचे मूळ प्रयोजनच उरले नाही. १८९१ मध्ये कार्डिफ बंदराजवळ ईस्ट मूर्स येथे नवा कारखाना सुरू झाला. डाउलाइस गावाची अवनती तेथून सुरू झाली. ती पूर्ण होण्यास आणखी चाळीस वर्षे लागली एवढेच.

नट, बोल्ट आणि स्क्रू

कंपनीच्या नावातील उरलेले दोन भाग बर्मिंगहॅमच्या परिसरातून आले. आर्थर कीन (१८३५–१९१५) हे स्मेदिक येथे रेल्वेच्या मालवाहतुकीचे काम पाहत. फ्रान्सिस वॉटकिन्स हा अमेरिकन गृहस्थ नट बनविण्याच्या यंत्राचे एकस्व घेऊन तेथे आला आणि दोघांनी १८५६ मध्ये भागीदारी केली. १८६४ मध्ये या व्यवसायाचे 'पेटंट नट अँड बोल्ट कंपनी'त रूपांतर झाले. कीन हे हिशेबी, धाडसी आणि विलीनीकरणाचे मर्म जाणणारे होते.

नेटलफोल्ड घराण्याची कथा अधिक रंजक आहे. जॉन सटन नेटलफोल्ड हे लोखंडी सामानाचे व्यापारी व स्क्रूचे उत्पादक होते. त्या काळातील लाकडी कामाच्या स्क्रूचे टोक बोथट असे. म्हणून आधी सामत्याने भोक पाडून मग स्क्रू पिळावा लागे. टोकदार स्क्रू यंत्राने बनविण्याची पद्धत अमेरिकेत टॉमस स्लोन यांनी शोधली होती. नेटलफोल्ड यांनी तिचे ब्रिटनमधील हक्क १८५४ मध्ये ३०,००० पौंडांना घेतले. रक्कम मोठी असल्याने त्यांनी आपले मेहुणे जोसेफ चेंबरलेन यांच्याकडून १०,००० पौंड घेतले. या गुंतवणुकीवर लक्ष ठेवण्यासाठी चेंबरलेन यांनी आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला बर्मिंगहॅमला पाठविले. त्याचेही नाव जोसेफ. हाच पुढे बर्मिंगहॅमचा महापौर आणि ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. 'नेटलफोल्ड अँड चेंबरलेन' या पेढीने लहान उत्पादकांना विकत घेऊन किंवा भाव पाडून बाजारातून दूर केले व देशातील स्क्रूच्या धंद्यावर वर्चस्व मिळविले. पुढे निवडणुकांच्या काळात विरोधकांनी चेंबरलेन यांच्यावर याच गोष्टीवरून टीका केली. १८७४ मध्ये ते धंद्यातून बाहेर पडले, ते आयुष्यभर राजकारण करण्याइतकी संपत्ती घेऊन. १८८० मध्ये पेढीचे 'नेटलफोल्ड्स लिमिटेड' असे रूपांतर झाले.

गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्सची स्थापना

लेडी शार्लटचे पुत्र लॉर्ड विंबॉर्न यांना कारखाना चालविण्यात रस उरला नव्हता. आर्थर कीन यांनी डाउलाइस विकत घेण्याचा व्यवहार केला आणि जुलै १९०० मध्ये 'गेस्ट, कीन अँड कंपनी' स्थापन झाली. १९०२ मध्ये नेटलफोल्ड्स लिमिटेड तीत आली व कंपनीला तिचे परिचित नाव मिळाले. त्याच वर्षी मर्थरमधील सिफार्था हा डाउलाइसचा जुना प्रतिस्पर्धी कारखानाही तिच्याकडे आला. खाणीतील कोळशापासून दुकानातील स्क्रूपर्यंत सर्व टप्पे एकाच मालकीखाली आणण्याची ही योजना होती. कीन मृत्यूपर्यंत अध्यक्ष राहिले.

१९२० मध्ये जॉन लायसॅट या कंपनीचे संपादन झाले. पन्हळी पत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने त्याआधी नुकतीच जोसेफ सँकी अँड सन्स ही कंपनी घेतली होती. सँकींनी चहाचे पत्र्याचे ट्रे ठोकण्यापासून आरंभ करून मोटारींची चाके व सांगाडे आणि विद्युत यंत्रांसाठी लागणाऱ्या पोलादी चकत्या बनविण्यापर्यंत मजल मारली होती. त्या वेळी सँकीकडे गौण उपकंपनी म्हणूनच पाहिले गेले. पण कंपनीचा मोटार उद्योगातील प्रवेश तिच्या मार्फत झाला.

पोलादाचा निरोप

१९३० मध्ये मंदीच्या तडाख्यात कंपनीने आपला अवजड पोलाद उद्योग बॉल्डविन्स या कंपनीच्या पोलाद उद्योगाशी जोडून 'गेस्ट कीन बॉल्डविन्स' ही नवी कंपनी काढली. कोळसाखाणींचा मोठा भाग त्याच वर्षी 'वेल्श असोसिएटेड कोलियरीज' या नव्या कंपनीकडे गेला आणि ती १९३५ मध्ये पॉवेल डफ्रिनमध्ये विलीन झाली. डाउलाइस येथील पोलादनिर्मिती १९३० मध्ये थांबविण्यात आली. ज्या गावात कारखान्याव्यतिरिक्त दुसरे कामच नव्हते, तेथे बहुसंख्य पुरुष बेकार झाले. नोव्हेंबर १९३६ मध्ये राजा आठवा एडवर्ड याने डाउलाइसला भेट दिली. बंद कारखान्याच्या अवशेषांवर बसून स्वागतगीत गाणारा बेकारांचा समूह पाहून त्याने यांच्यासाठी काहीतरी केले पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते देशभर गाजले. महिन्याभरातच त्याने राजत्याग केला. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीचा पोलाद विभाग राजकारणाच्या खेळात सापडला. १९५१ मध्ये मजूर सरकारने त्याचे राष्ट्रीयीकरण केले, हुजूर सरकारने तो निर्णय फिरविल्यावर कंपनीने तो परत विकत घेतला आणि १९६७ मध्ये मजूर सरकारने पुन्हा तो ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशनमध्ये समाविष्ट केला. कार्डिफचा ईस्ट मूर्स कारखाना १९७८ मध्ये बंद झाला, तेव्हा तो जीकेएनचा राहिलेला नव्हता. १९६७ नंतरही कंपनीने पोलादाशी काही संबंध ठेवला आणि १९८० च्या दशकात ब्रिटिश स्टीलसह संयुक्त कंपन्या काढून तो हळूहळू सोडविला.

बर्फील्ड आणि सीव्ही जॉइंट

राष्ट्रीयीकरणाची चाहूल लागली असतानाच, १९६६ मध्ये, कंपनीने बर्फील्ड लिमिटेड ही कंपनी विकत घेतली. तिची हार्डी स्पायसर ही उपकंपनी बर्मिंगहॅममध्ये मोटारींचे दांडे व सांधे बनवीत असे. कंपनीच्या पुढील पन्नास वर्षांचा पाया या व्यवहाराने घातला.

ज्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिली जाते, तीत एक अडचण असते. पुढची चाके फिरतातही आणि वळतातही. साधा क्रॉस-सांधा वापरल्यास दांडा कोनात असताना चाकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो आणि गाडी हिसके देते. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात यावर उपाय शोधला. त्याच्या सांध्यात खाचांतून सरकणाऱ्या सहा पोलादी गोळ्या एका पिंजऱ्यात बसविलेल्या असतात आणि दांड्यांमधील कोन कितीही बदलला तरी त्या नेहमी त्या कोनाच्या मध्यप्रतलातच राहतात. त्यामुळे दोन्ही दांडे एकाच वेगाने फिरतात. गॅरेजमध्ये यालाच सीव्ही जॉइंट म्हणतात. वळण घेताना पुढच्या चाकातून 'टक-टक' आवाज येऊ लागला की मेकॅनिक प्रथम त्याकडेच बोट दाखवितो. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या मिनी या छोट्या मोटारीने हा सांधा घरोघरी पोचविला. युरोप, जपान व नंतर भारतातही लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालू लागल्या आणि या सांध्याची मागणी वाढत गेली. बर्फील्डबरोबर जर्मनीतील युनि-कार्डान या कंपनीतील मोठा वाटाही जीकेएनला मिळाला होता. त्यामुळे ब्रिटिश मोटार उद्योग खालावला तरी कंपनी त्याच्याबरोबर बुडाली नाही.

अर्थात धक्का बसलाच. १९८० मध्ये कंपनीने आपल्या इतिहासातील पहिला तोटा नोंदविला. ट्रेव्हर होल्ड्सवर्थ यांच्या अध्यक्षपदाच्या काळात (१९८०–१९८८) ब्रिटनमधील अनेक कारखाने बंद झाले, हजारो कामगारांना नारळ मिळाला आणि जिच्या नावातच नेटलफोल्ड्स होते ती कंपनी स्क्रूच्या धंद्यातूनही बाहेर पडली. १९८६ मधील नामांतर हे या अर्थाने वस्तुस्थितीला धरून होते.

संरक्षण आणि विमान उद्योग

सँकीच्या श्रॉपशरमधील कारखान्यात ब्रिटिश लष्करासाठी एफव्ही ४३२ आणि नंतर वॉरियर ही चिलखती वाहने तयार होत. १९८८ मध्ये जीकेएनने वेस्टलँड या हेलिकॉप्टर कंपनीतील मोठा वाटा घेतला आणि १९९४ मध्ये ती पूर्णपणे ताब्यात घेतली. चिलखती वाहनांचा विभाग १९९८ मध्ये आल्व्हिस या कंपनीकडे गेला. २००१ मध्ये वेस्टलँड व इटलीतील आगुस्ता यांची संयुक्त कंपनी आगुस्तावेस्टलँड स्थापन झाली आणि २००४ मध्ये जीकेएनने तीतील आपला वाटा इटालियन भागीदार फिनमेकानिका यास विकला. भारतात गाजलेले अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टर खरेदीचे प्रकरण २०१० च्या कराराचे आहे; तेव्हा जीकेएनचा त्या कंपनीशी संबंध नव्हता. काही ठिकाणी या दोहोंची गल्लत केलेली आढळते.

हेलिकॉप्टरच्या विक्रीतून आलेला पैसा पुढे विमानांच्या भागांत व मोटारींच्या उद्योगात गुंतविला गेला. २००९ मध्ये एअरबसचा फिल्टन येथील पंख बनविण्याचा विभाग, २०१२ मध्ये स्वीडनमधील व्होल्व्हो एअरो आणि २०१५ मध्ये नेदरलँड्समधील फोकर टेक्नॉलॉजीज ही महत्त्वाची संपादने होत.

मेलरोजचा ताबा (२०१८)

२०१७ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील अलाबामा राज्यातील विमानभागांच्या कारखान्यात हिशेबाच्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. नियोजित मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदभार घेण्यापूर्वीच दूर करण्यात आले आणि भागांची किंमत घसरली. जानेवारी २०१८ मध्ये मेलरोज इंडस्ट्रीजने सुमारे ७ अब्ज पौंडांना कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. संचालक मंडळाने तो फेटाळला, तेव्हा मेलरोजने थेट भागधारकांना आवाहन केले.

मेलरोज ही २००३ मध्ये स्थापन झालेली लंडनची कंपनी. अडचणीतील अभियांत्रिकी कंपन्या 'विकत घ्या, सुधारा, विका' हे तिचे घोषित सूत्र. अशा व्यवहारांत मालकी साधारणतः तीन ते पाच वर्षे राहते. विमान उद्योगात एका नव्या भागाच्या आराखड्यापासून उत्पन्नापर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. वादाचे मूळ याच तफावतीत होते. अल्पकाळच्या मालकाला नवे काम देणे जवळपास अशक्य होईल, असे एअरबसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले. युनाइट ही कामगार संघटना आणि अनेक खासदार विरोधात उभे राहिले. दुसऱ्या बाजूला मेलरोजचे म्हणणे असे की जीकेएनच्या व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे नफ्याचे आश्वासन दिले आणि पाळले नाही. हा आक्षेप निराधार नव्हता, हे मान्य करावे लागते. संचालक मंडळाने बचावासाठी मोटार विभाग अमेरिकेतील डेना या कंपनीत विलीन करण्याचा करार केला. म्हणजे कंपनी वाचविण्यासाठी कंपनीचे दोन तुकडे करण्याची तयारी त्यांनीही दाखविलीच होती.

मेलरोजने अंतिम प्रस्ताव ८.१ अब्ज पौंडांपर्यंत वाढविला. २९ मार्च २०१८ रोजी ५२.४३ टक्के भागधारकांच्या संमतीने तो मान्य झाला. प्रस्ताव आल्यानंतर केवळ फरकाच्या नफ्यासाठी भाग विकत घेतलेल्या हेज फंडांचा यात मोठा वाटा होता. ज्यांनी काही आठवड्यांपूर्वी भाग घेतले त्यांना अशा प्रश्नावर मताचा अधिकार असावा काय, हा प्रश्न २०१० मधील कॅडबरीच्या विक्रीनंतर पुन्हा एकदा ब्रिटनमध्ये चर्चिला गेला. कायद्यात मात्र तसा बदल झाला नाही. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेच्या मुद्द्यावर मेलरोजकडून काही हमी घेतल्या. विमान विभाग पाच वर्षे न विकणे आणि संशोधनावर विक्रीच्या ठरावीक टक्के खर्च करणे या त्यांतील प्रमुख होत. निवृत्तिवेतन निधीतील तूट भरून काढण्यासाठी १ अब्ज पौंडांपर्यंत रक्कम देण्याचेही मेलरोजने मान्य केले. मे २०१८ मध्ये जीकेएनचे नाव लंडन शेअर बाजाराच्या यादीतून काढण्यात आले. त्या वेळी जगभरात कंपनीचे सुमारे ५९,००० कर्मचारी होते, त्यांपैकी ब्रिटनमध्ये सुमारे ६,०००.

ताब्यानंतर

जानेवारी २०२१ मध्ये बर्मिंगहॅममधील अर्डिंग्टन येथील कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. तेथे ५१९ कामगार होते. हार्डी स्पायसरची परंपरा सांगणारा हा कारखाना विजेवर चालणाऱ्या मोटारींचे भाग बनविण्यास सक्षम करावा, असा आराखडा कामगारांनीच तयार करून मांडला होता. तो स्वीकारला गेला नाही. काम युरोपातील अन्य कारखान्यांकडे वळविण्यात आले आणि २०२२ मध्ये उत्पादन थांबले.

इटलीतील फ्लॉरेन्सजवळच्या काम्पी बिझेन्झिओ येथे याहून वेगळे घडले. ९ जुलै २०२१ रोजी चारशेहून अधिक कामगारांना नोकरी संपल्याची सूचना ईमेलने मिळाली. कामगार कारखान्यात शिरले आणि तेथेच कायम सभा मांडून बसले. सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने, संघटनेला विश्वासात न घेता उचललेले हे पाऊल बेकायदेशीर ठरविले. वर्षअखेरीस कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला, तरी तो पुन्हा चालू झाला नाही. कामगारांनी पुढे सहकारी संस्था काढून सौर पट्ट्या आणि मालवाहू सायकली बनविण्याची योजना मांडली.

एप्रिल २०२३ मध्ये मेलरोजने मोटार विभाग व चूर्ण धातुविज्ञान विभाग वेगळे करून त्यांची स्वतंत्र कंपनी काढली आणि तिला डाउलाइस ग्रुप हे नाव दिले. विमान विभाग मेलरोजकडे राहिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन अॅक्सल अँड मॅन्युफॅक्चरिंग या डेट्रॉइटच्या कंपनीने डाउलाइस ग्रुप सुमारे १.१६ अब्ज पौंडांना घेण्याचा प्रस्ताव जाहीर केला आणि त्या वर्षी भागधारकांनी त्यास मान्यता दिली. ज्या नावाचे गाव १९३० पासून पोलादाविना आहे, ते नाव अशा रीतीने एका शेअर बाजारातील कंपनीला दोन-तीन वर्षे लाभले.

भारतातील कंपन्या

१९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या 'हेन्री विल्यम्स (इंडिया)' या कंपनीत जीकेएनने त्याच दशकात प्रवेश केला आणि तिचे नाव 'गेस्ट कीन विल्यम्स' झाले. हावडा येथील कारखान्यात रेल्वेसाठी लागणारे सांधे-बोल्ट, तसेच स्क्रू व नटबोल्ट बनत. नेटलफोल्ड या नावाने विकले जाणारे लाकडी कामाचे स्क्रू भारतातील सुतारांच्या व लोखंडी सामानाच्या दुकानदारांच्या पूर्ण परिचयाचे होते. मागणी करताना 'नेटलफोल्ड' एवढेच म्हटले तरी चालत असे. कंपनीच्या सँकी विभागाचा कारखाना मुंबईतील भांडुप येथे होता. विद्युत मोटारी व रोहित्रे यांच्यासाठी लागणाऱ्या पोलादी चकत्या तेथे ठोकल्या जात. ज्या भांडुपशी जॉर्ज क्लार्क यांची आठवण जोडली जाते, तेथेच त्यांच्या डाउलाइसच्या वारसदार कंपनीचा कारखाना उभा राहावा हा निव्वळ योगायोग होय. कालांतराने जीकेएनने या कंपनीतील आपला वाटा काढून घेतला. आज ती 'जीकेडब्ल्यू लिमिटेड' या नावाने गुंतवणूक व गोदामे भाड्याने देणे हा व्यवसाय करते.

पुण्याजवळ पिंपरी येथे जीकेएन सिंटर मेटल्सचा कारखाना आहे. पूर्वी तो 'महिंद्रा सिंटर्ड प्रॉडक्ट्स' या नावाने ओळखला जाई. धातूची पूड साच्यात दाबून व वितळणबिंदूखालील तापमानास भाजून वाहनांचे दाते, बुशिंग आदी भाग तेथे तयार केले जातात. हरियाणातील फरिदाबाद येथे सीव्ही जॉइंट आणि दांडे बनविण्याचा कारखाना आहे. २०२३ च्या विभाजनानंतर हे दोन्ही कारखाने डाउलाइस ग्रुपकडे गेले.